फाटकाबाहेरचं मत

समिधा तारी माडवेळच्या देवळासमोर बोलली, तेव्हा ती मुंबईत ऑफिसच्या उपाहारगृहात उपमा खात होती.

हे तिला कळलं ते वडिलांच्या फोनमुळे. भिवा तारी फोनवर कधी जास्त बोलायचे नाहीत. त्या दुपारी मात्र त्यांनी कशी आहेस, जेवलीस का, यातलं काहीच विचारलं नाही.

"गावात इलंस आणि घराक येवक नाय?"

"मी खंय इलंय बाबा? मी मुंबैतच आसंय."

"मगे देवळाफुडे पडद्यार बोलत होता ता कोण? तुजाच तोंड, तुजोच आवाज."

"काय बोलला ता?"

भिवा नेहमीच्या सवयीने बोलण्याआधी थांबले. मागे कोणीतरी मंडपाच्या खुर्च्या एकात एक घालून रचत असल्याचा आवाज येत होता. "रापणीचो दोर आता कोण ओढूचो नाय, म्हणे. पोरांका नको आसा, म्हणे. लोक माज्याकडे बघी होते, बाय. मी आपलो खाली बघून रवलंय."

समिधाने उपम्याची बशी बाजूला सरकवली.

माडवेळ म्हणजे मालवणच्या किनाऱ्यावरचं चारचौघांसारखं गाव. माड, कौलारू घरं, आणि अर्धचंद्रासारखी वळलेली वेळ, म्हणजे वाळूचा किनारा. तिथे अजून रापण लागते. होडी समुद्रात लांबलचक जाळं गोलात टाकून येते, जाळ्याची दोन्ही टोकं दोराने किनाऱ्याला आणतात, आणि मग सगळं गाव दोन रांगा करून ते ओढतं. मासळीचे वाटे वाळूवरच पडतात. ज्याचा हात दोराला लागला त्याला वाटा, मग तो होडीचा तांडेल असो नाहीतर सुट्टीला आलेला कोणाचा जावई. एका उत्तरेकडच्या देशाला याच आखातात समुद्रशेवाळाची शेती करायची होती. देश छोटा, थंड आणि फार सज्जन. शेवाळापासून ते प्लास्टिकला पर्याय बनवणार होते. हेतूत खोट काढायला जागा नव्हती. अडचण एवढीच, की शेवाळाचे दोर पाण्यात जिथे ताणायचे, नेमकी तिथेच रापण पडते, आणि जाळं त्या दोरांत अडकलं की फाटलंच.

त्या दिवशी झाली ती पहिली सुनावणी. अंतिम निर्णय दिवाळीनंतर व्हायचा होता. सरकारला कागदोपत्री हवं होतं स्थानिक तरुणांचं मत, आणि ते द्यायला त्या देशाच्या मुंबईतल्या वकिलातीकडे एक युवा सल्लागार मंडळ होतं. समिधा दोन वर्षं त्या मंडळावर होती. कोकण किनाऱ्यावरची ती एकटीच.

परदेशी वकिलातींना तरुणांचा सल्ला घ्यायची हौस तशी जुनी. फोटो चांगले येतात, आणि तरुणांना प्रमाणपत्र मिळतं, त्यामुळे दोन्ही बाजूंचा जमाखर्च जुळतो. समिधाच्या मंडळात बारा जण होते. महिन्यातून एकदा ते काचेच्या बैठकीच्या खोलीत बसत, महावाणिज्यदूत ईडा मॅडम स्वतः प्रत्येकाच्या कपात कॉफी ओतत, आणि मग हवामान, शिक्षण, शहरं, समुद्र यांवर सल्ला मागत. सल्ला मिळायचाही. फार सुरेख, गुळगुळीत सल्ला. आधी पाहुण्या देशाचे आभार, मग प्रकल्पाचं कौतुक, मग शेवटी एक छोटासा 'पण', जो बोलता बोलताच विरघळून जाई.

खरी बैठक नंतर व्हायची. वकिलातीच्या फाटकाबाहेर, वळणावर, राजभरच्या चहाच्या टपरीवर. तिथे उभ्या उभ्या एकेकाचं मत पोटातून वर येई.

"काय बोलत होतीस गं आत? 'अत्यंत दूरदर्शी उपक्रम' म्हणे!" झुबेर पावसकर तिची नक्कल करायचा. तो रत्नागिरीचा, मंडळातला तिचा सगळ्यात जवळचा मित्र. "तू आत गेलीस की तुझा आवाज इस्त्री करून येतो."

"आणि तू? 'मॅडम, यू रेझ अ वंडरफुल पॉइंट'! कुठला पॉइंट रे? ती खिडकी बंद करू का म्हणत होती!"

सगळे हसत. मग तो प्रकल्प कसा फसेल, पैसे कुठे मुरतील, कोणाला वाईट वाटेल, याचा असा चोख पंचनामा व्हायचा, की ईडा मॅडमनी तो ऐकला असता तर त्यांनी त्याच दिवशी देशाला तार केली असती. पण पाहुण्याच्या तोंडावर त्याची चूक सांगायची नाही, हे या बाराही जणांना घरून शिकवलेलं होतं. आत होकार आणि टपरीवर हिशेब, हीच रीत. त्यात आपण काही लपवतोय असं कोणाला कधी वाटलं नाही. जशी बैठकीच्या खोलीत चप्पल काढतात, तसंच हे.

मंडळाची मुदत संपली, तेव्हा प्रत्येकाने एक करार केला. संयोजक श्रीरंग ओगले यांनी तो समजावून सांगितला होता. ओगले वकिलातीत वीस वर्षं मुरलेले. वाईट बातमीसुद्धा ते पेढ्यासारखी हातावर ठेवत.

"दोन वर्षं तुमचं बोलणं रेकॉर्ड झालंय," ते म्हणाले होते. "त्यातून आपण प्रत्येकाची एक छाया घडवतो. तुम्ही कुठल्या प्रश्नाला काय म्हणाल, कुठे थांबाल, कुठला शब्द टाळाल, ते सगळं ती शिकते. मग तुम्हाला आणि छायेला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून शंभर प्रश्न विचारायचे. उत्तरं जुळली की ती पात्र. पुढे तुम्ही नोकरीला लागाल, परदेशी जाल, तरी तुमचा सल्ला इथेच राहील."

"आणि बैठकीतले समोसे कोण खाणार?" झुबेरने विचारलं होतं.

"छायेला समोसा लागत नाही," ओगले हसून म्हणाले होते. वकिलातीच्या दृष्टीने ती काटकसर लहान नव्हती. सदस्य म्हातारे होत नाहीत, आजारी पडत नाहीत, प्रवासखर्च मागत नाहीत, आणि आभार कधीच विसरत नाहीत.

बाराही जणांनी करार न वाचता सही केली. अशा करारांवर सही करायची पद्धत हीच आहे.

*

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी समिधा ओगल्यांच्या समोर बसली होती.

"मी असं म्हणाले नाही, सर."

"तुम्ही नाही, तुमची छाया म्हणाली." ओगल्यांनी पडद्यावर एक जुनी बैठक लावली. दीड वर्षापूर्वीची समिधा. निळा कुर्ता, हातात कॉफी. ईडा मॅडम विचारत होत्या, तुमच्या गावातल्या तरुणांचं काय? आणि समिधा सांगत होती: खरं सांगायचं तर आमच्या पिढीला रापण ओढायची नाही, आम्हाला शिकायचंय.

समिधाला तो दिवस आठवला. त्याच संध्याकाळी टपरीवर ती म्हणाली होती, "आम्हाला शिकायचंय म्हणजे रापण बुडवायची असं नाही काही. दर डिसेंबरात मी स्वतः ओढते." पण टपरी रेकॉर्ड होत नव्हती.

"छाया चुकली असं वाटत असेल तर फेरतपासणी मागा," ओगले म्हणाले. "तुमचा हक्क आहे तो. एकच प्रश्न विचारू. तुम्ही इथे, छाया पलीकडे. उत्तरं वेगळी आली की तिला बाजूला ठेवू."

तपासणीच्या दिवशी समिधाने घरून पाठ करून आणलं होतं. 'हा प्रकल्प माझ्या आखातात नको.' पाच शब्द. टॅक्सीत, लिफ्टमध्ये, ती तेच पुटपुटत होती.

ईडा मॅडम उठून दारापर्यंत आल्या. खुर्ची ओढून दिली. कॉफी ओतली, आणि तिच्या आवडीचं दालचिनीचं बिस्कीट बशीत ठेवलं. हे त्यांना दोन वर्षांनंतरही आठवत होतं. कानातल्या यंत्रातून त्यांचं बोलणं मराठीत ऐकू आलं: "समिधा, तुमच्याकडून आम्ही किती शिकलो. मनमोकळं सांगा. माडवेळच्या प्रकल्पाबद्दल तुमचा सल्ला काय?"

समिधाने तोंड उघडलं.

"प्रकल्प चांगलाच आहे," तिच्या तोंडून आलं. ती थांबली. बिस्किटाकडे पाहिलं. "पण स्थानिकांना विश्वासात घेऊन पुढे जाता आलं, तर जास्त बरं होईल."

ओगल्यांनी काही न बोलता पलीकडच्या खोलीतलं उत्तर लावलं.

"प्रकल्प चांगलाच आहे," पडद्यावरची समिधा म्हणाली. थांबली. नजर थोडी खाली गेली. तिच्यासमोर बिस्कीट नव्हतं, तरी गेली. "पण स्थानिकांना विश्वासात घेऊन पुढे जाता आलं, तर जास्त बरं होईल."

ओगले फाईलची नाडी बांधत बसले. माणूस चांगला होता. अशा वेळी समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहू नये, एवढं त्यांना कळत होतं.

*

"नकोच म्हणायचं होतं मला!" टपरीवर तिचा आवाज चढला; मंडळ संपलं तरी सगळे अजून तिथे जमत. "नको! बाप माझा अख्ख्या गावासमोर मान खाली घालून बसला! ते दोर ताणले की रापण संपली, आणि रापण संपली की गावात उरेल कोण? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतील आपापल्या घरी!"

राजभरने गाळणी हातात तशीच धरून तिच्याकडे पाहिलं.

"हे आत बोलायचं होतंस," झुबेर म्हणाला.

"आत येत नाही!"

"मग ते यंत्र तरी काय करील बिचारं? त्याने तुला आतच ऐकलंय." झुबेर मस्करी करत होता. पण बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच काहीतरी लागलं, आणि त्याने अर्धा ग्लास तसाच खाली ठेवला.

समिधाने त्या रात्री करार पहिल्यांदा वाचला. रेकॉर्डिंग परत घेता येणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. त्याच कलमाखाली दुसरं वाक्य होतं: सदस्य ते केव्हाही वाढवू शकतो.

ओगल्यांना हे कलम कोणी वापरेल असं वाटलं नव्हतं. वकिलातीत दोन दिवस चर्चा झाली आणि शेवटी समिधाला बोलणं रेकॉर्ड करणारी एक पिन मिळाली, कॉलरला लावायची, शेंगदाण्याएवढी. चालू असली की तिच्यावर हिरवा ठिपका पेटे, आणि समोरच्याला तसं सांगणं बंधनकारक होतं.

"निर्णयाच्या बैठकीपर्यंत ही सतत लावावी लागेल," ओगले म्हणाले. "छाया म्हणजे तुम्ही नाही. तिने तुम्हाला जिथे ऐकलं, तिथल्या तुम्ही. दोन वर्षांचं आतलं बोलणं तोलायचं तर बाहेरचंही भरपूर हवं. आणि नुसतं तुमचं चालणार नाही. तुम्ही कोणाला उत्तर देताय, कशावर चिडताय, ते समोरचं बोलणंही तिला लागेल. मधेच काढलीत, तर ती पुन्हा जुन्यावर जाईल."

पहिल्या दिवशी टपरीवर पिनेचा मोठा सत्कार झाला. सगळ्यांनी वाकून ठिपक्यात तोंड घातलं. "ऐक रे बाबा, राजभर पाणी घालतो दुधात!" "ओगल्यांचा टोप आहे, लिहून घे!" राजभरसुद्धा हसला, आणि त्याने पिनेच्या नावाने एक कटिंग वेगळा ठेवला.

दुसऱ्या आठवड्यात एकाने "सरकारी धोरणाच्या मर्यादा लक्षात घेता" अशी चहाची सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात आभार आले. कोणी ठरवून केलं नव्हतं. ठिपका हिरवा होता, आणि माणसं आपोआप चप्पल काढत होती. समिधा मात्र बोलत राहिली. भांडली, शिव्या दिल्या, एकदा रडलीही. टपरीवर आता खऱ्या आवाजात बोलणारी ती एकटी होती.

पावसाळ्याच्या मध्याला झुबेर म्हणाला, "मी सिग्नलपलीकडे जातो हल्ली, ज्यूसवाल्याकडे. रागावलो नाहीये."

"मग?"

"मला भाषण देत चहा पिता येत नाही, समिधा." त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं. पिनेच्या दुसऱ्या बाजूच्या खांद्यावर.

*

गणपतीला ती घरी गेली. आरती झाली, मोदक झाले, आणि पडवीत भिवांनी बोट दाखवून विचारलं, "ता हिरवा कित्या पेटता?"

तिने सगळं सांगितलं. भिवांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. जाळ्याची गाठ सोडवताना ते असेच ऐकत.

"म्हणजे मी काय बोल्लंय ता थंय जातला?"

"तुमचा नाय बाबा. माजा बोलणा."

"तुज्या बोलण्यात माजा नाय येवचा?"

समिधाचा हात कॉलरकडे गेला. "काढू काय?"

भिवांनी समुद्राच्या दिशेने पाहिलं. अंधारात काही दिसत नव्हतं, फक्त गाज होती. "नको," ते म्हणाले. "आखात रवला पायजे. ऱ्हवांदे ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहा घेऊन आले आणि म्हणाले, "झोप नीट लागली ना? आज हवा चांगली आहे."

समिधा अंथरुणात उठून बसली. वडिलांना ही पुस्तकी भाषा येते हे तिला ठाऊक होतं. तहसीलदार आला, बँकेचा साहेब आला, की ते ती काढत. ट्रंकेतल्या इस्त्रीच्या शर्टासारखी. घरात ती तिने कधी ऐकली नव्हती.

"बाबा, असा काय बोलतास?"

"बरं बोलतोय की," भिवा म्हणाले, आणि ठिपक्याकडे पाहून थोडंसं हसले.

त्यानंतर फोनही तसेच. तू कशी आहेस, आम्ही बरे आहोत, काळजी करू नये. समिधा इकडून मालवणीत चिडायची, विनवायची, गप्पा उकरून काढायची, आणि तिकडून स्वच्छ, धुतलेली वाक्यं यायची. तिला एक दिवस वाटलं, पिन फेकून द्यावी. ती खिडकीपर्यंत गेलीही. मग तिने नोव्हेंबर किती लांब आहे ते पाहिलं, खिडकी लावली, आणि वडिलांना पुन्हा फोन केला.

*

नोव्हेंबरच्या बैठकीला समिधाला साक्षीपुरतं बोलावलं होतं. मत द्यायचं होतं छायेने. जिल्ह्याचे अधिकारी होते, कंपनीची माणसं होती. ईडा मॅडमनी कॉफी ओतली. ओगल्यांनी प्रश्न वाचला.

पडद्यावरच्या समिधाने आभार मानले नाहीत. ती लगेच बोललीच नाही. मग म्हणाली:

"नको."

कानातल्या यंत्रांत भाषांतर उमटलं, आणि टेबलाभोवती माना वर झाल्या.

"थंय रापण ओढतत. तुमचे दोर पडले की जाळां फाटतली. आणि माशांचा सोडा. रापण हा म्हणान गाव एका जाग्यार येता. ज्येचो हात लागलो तेका वाटो. तुमच्या शेतीत तुम्ही आमका पगार देतलात. पगार एकेकाक मिळता, त्येच्यात गाव खंय इलो?" ती थांबली. "माज्या बापसाक तुम्ही लोकांफुडे खाली बघूक लावलात. शेवाळ व्हया तर सड्याखाली जावा. थंय खडप हा, जाळा कोण टाकणत नाय."

समिधा स्वतःकडे पाहत होती. या खोलीत ती असं कधी बोलली नव्हती, आणि आताही तिला ते जमलं नसतं. छायेच्या आवाजात राजभरच्या टपरीचा राग होता, पडवीतला अंधार होता, आणि मधेच एका ठिकाणी भिवांची दाट, सावकाश थांबण्याची सवय होती. तुज्या बोलण्यात माजा नाय येवचा? आलं होतं.

बराच वेळ कोणी कपाला हात लावला नाही. अधिकाऱ्यांपैकी एकाने नकाशा पुढे ओढला आणि सड्याखालच्या, म्हणजे कातळाच्या पठाराखालच्या, खडकाळ पाण्याची खोली विचारली. तिथून पुढे सगळं वेगाने झालं, कारण सड्याखाली शेवाळ वाढायला काहीच हरकत नव्हती. इतके महिने ते कोणी विचारलंच नव्हतं.

माणसं निघून गेल्यावर ईडा मॅडम समिधाजवळ येऊन बसल्या. त्यांनी कानातलं यंत्र काढून पुन्हा घातलं.

"मी इथे चार वर्षं आहे," त्या म्हणाल्या. "मला या खोलीत कोणी कधी 'नको' म्हटलं नाही. आम्ही इतके भयंकर आहोत का?"

"नाही मॅडम," समिधा म्हणाली. "तुम्ही कॉफी फार प्रेमाने देता."

तिने कॉलरची पिन काढून बशीत ठेवली. ठिपका विझला. बाहेर येऊन ती सवयीने टपरीकडे वळली. राजभरने तिला चहा दिला. बाकी कोणी नव्हतं. पिन नसल्याचं तिने त्याला दाखवलं, आणि तो म्हणाला, "ठीक है मॅडमजी, बहुत अच्छा." यापूर्वी तो तिला कधी मॅडमजी म्हणाला नव्हता.

*

डिसेंबरात तिने माडवेळला रापण ओढली. दरवर्षीप्रमाणे.

गावाने तिचं कौतुक केलं. सरपंचांनी नारळ दिला. बायकांनी ओटी भरली आणि 'तुमच्यामुळे आखात वाचलं' म्हटलं. लहानपणी हिच्या पाठीत धपाटे घालणाऱ्या बायका हिला 'तुमच्यामुळे' म्हणत होत्या. समिधा पाच-सहा जणींना सांगून चुकली की पिन परत दिली, यंत्र बंद झालं. त्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या.

भिवा रांगेत तिच्या पुढे होते. घरीही त्यांचं 'बरं आहे' आणि 'काळजी करू नये' चालूच होतं. त्यांना तिचा राग नव्हता, हे तिला कळत होतं. उलट पंगतीत त्यांनी सुरमईचा मधला तुकडा तिच्या ताटात सरकवला होता. नुसता शब्द तेवढा आत ठेवला होता.

होडी परत फिरली. दोर ओला, जाड, काथ्याचा काटा हाताला लागणारा. दोन्ही रांगांनी सूर धरला आणि जाळं जड होऊन किनाऱ्याकडे सरकू लागलं. मोठी लाट आली. समिधाची टाच घसरली, दोर हातातून सुटू लागला, आणि अख्खी रांग एका बाजूला झुकली.

"गो भवाने, पाय रोव!" भिवा मागे वळून ओरडले. "दोर सोडलंस तर आख्खी रापण वाकडी जातली! मुंबैत ऱ्हवान हाडां मऊ झाली काय तुजी? टाच मार, टाच!"

समिधाने टाच मारली. वाळू धरली गेली. दोर पुन्हा ताठ झाला, आणि तिला एकदम इतकं हसू आलं, की डोळ्यांत खारं पाणी कुठून आलं ते सांगता आलं नसतं.

भिवाही हसले. अर्धंच.

मग त्यांची नजर तिच्या रिकाम्या कॉलरकडे गेली.